ढोलीच्या काठावरचं शेवाळ

बाबा पहिल्यांदा लंडनला आले तेव्हा नदी, राजवाडा, संग्रहालयं सगळं आठवड्याभरात दाखवून झालं. ते बघत होते, मान हलवत होते, फारसं बोलत नव्हते. मग एका शनिवारी मी त्यांना सेंट्रल लाइनने लॉटनला नेलं आणि तिथून चालत एपिंगच्या जंगलात. आम्ही पूर्व लंडनमध्ये राहतो, त्यामुळे हे जंगल मला दारचंच. इथली बीचची झाडं विलक्षण दिसतात. बीच म्हणजे समुद्रकिनारा नाही, गुळगुळीत राखाडी सालीचा एक मोठा वृक्ष. खोड माणसाच्या डोक्याच्या थोडं वर जाईपर्यंत सरळ असतं, तिथे एकदम गाठाळतं, फुगतं, आणि त्या गाठीतून आठ-दहा फांद्या, एकेक स्वतंत्र झाडाएवढी जाड, आभाळाकडे निघतात. इतकी वर्षं मला वाटत होतं, ही जातच अशी वाढत असेल.

बाबा एका झाडापाशी थांबले. खोडावर तळवा ठेवला, वर पाहिलं, झाडाला एक फेरी मारली. म्हणाले, "अगं, ही रानात आपोआप वाढलेली झाडं नाहीत. ही कवळ तोडलेली आहेत. पण बरीच वर्षं कोणी तोडलेलं दिसत नाही. फांद्या अंगाबाहेर गेल्यात."

आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात. आजोबांच्या काळी हिवाळा सरला की ऐनाच्या झाडांवर चढून कोयत्याने कवळ तोडायचे, टहाळ्यांचे भारे वाळवायचे आणि भाजावळीला दाढीवर, म्हणजे रोपांच्या वाफ्यावर, पसरून जाळायचे. यालाच राब म्हणतात. त्या राखेत भाताचं आणि नाचणीचं रोप तरारून येतं. झाड मरायचं नाही. बाबांनी लहानपणी ते सगळं केलेलं, म्हणून त्यांना जे एका नजरेत दिसलं ते मला दहा वर्षांत दिसलं नव्हतं.

या लेखाचा विषय त्या झाडांच्या अंगावर राहणारं एक शेवाळ आहे. पण बाबांच्या त्या वाक्याशिवाय मला त्याची गोष्ट कळली नसती, म्हणून सुरुवात तिथून केली.

शेवाळ म्हटलं की आपल्याकडे विहिरीच्या पायऱ्या आठवतात, किंवा तळ्यावरची हिरवी साय. मराठीत तळ्यातल्या शैवालालाही आपण शेवाळ म्हणतो आणि पावसाळ्यात कौलांवर, भिंतींवर, झाडाच्या खोडावर मखमलीसारखं उगवतं त्यालाही. दुसऱ्या प्रकारच्या वनस्पतींना वनस्पतिशास्त्रात हरिता म्हणतात. शाळेत फ्युनारियाची आकृती काढलेली असते आणि 'वनस्पतिसृष्टीतले उभयचर' ही ओळ पाठ केलेली असते, त्यापुढे आपला आणि त्यांचा संबंध सहसा जात नाही. त्यांना खरी मुळं नाहीत, पाणी वर चढवणाऱ्या नळ्या नाहीत. पान बहुतेक ठिकाणी एका पेशीच्या जाडीचं असतं. पाऊस, धुकं, दव जे अंगावर पडेल ते सगळ्या अंगाने पिणं, आणि कोरडं पडलं की आक्रसून, मेल्यासारखं होऊन वाट पाहणं, एवढाच त्यांचा संसार. अंगावर जे पडेल ते प्यायचं म्हटलं की पाण्याबरोबर हवेतलं विषही आलंच.

माझ्या शेवाळाचं शास्त्रीय नाव झायगोडॉन फोर्स्टेराय. इंग्रजीत त्याला नॉटहोल मॉस म्हणतात, म्हणजे सरळ मराठीत ढोलीचं शेवाळ. ब्रिटनमध्ये ते तीनच ठिकाणी टिकून आहे: लंडनला लागून असलेलं एपिंग, लंडनच्या पश्चिमेचं बर्नहॅम बीचेस आणि दक्षिण इंग्लंडमधलं न्यू फॉरेस्ट. १९८१ च्या वन्यजीव आणि ग्रामीण परिसर कायद्याच्या आठव्या परिशिष्टात त्याचं नाव आहे, म्हणजे ते जाणूनबुजून उपटणं हा गुन्हा आहे.

शेवाळं ओळखणाऱ्या एका जाणत्या गृहस्थांबरोबर फिरायला गेले होते तेव्हा त्यांनी मला ते दाखवलं. जागा लिहीत नाही. खूप जुना बीच. जमिनीपासून छातीएवढ्या उंचीवर एक ढोली, आपला हात मनगटापर्यंत जाईल एवढी. कधीकाळी तिथली फांदी गेली, जखम कुजली, पोकळी झाली, आणि आता तिच्यात पावसाचं पाणी साठतं. पाणी चहासारखं तपकिरी. काठोकाठ भरलं की ढोलीच्या खालच्या ओठावरून ओघळतं आणि सालीवर बोटभर रुंद काळपट ओली रेघ ओढत खाली जातं. त्या ओठावर आणि रेघेच्या कडेला हिरव्या ठिपक्यांएवढ्या गाद्या होत्या. उंची सेंटिमीटरभरसुद्धा नाही. भिंग डोळ्याला लावून, नाक जवळजवळ सालीला टेकवून पाहिलं तेव्हा ती गादी उलगडली: दाटीने बसलेली चमकदार पानं, मधून उभे राहिलेले केसाएवढे दांडे, प्रत्येकाच्या टोकाला बीजाणूंची एक इवलीशी कुपी. एका थेंबाने अख्खी वसाहत भिजत होती. चार बोटं बाजूला, कोरड्या सालीवर, काहीच नव्हतं.

एवढंच त्याचं घर. जुन्या बीचवरच्या जखमेतून झिरपणाऱ्या पाण्याची रेघ. कधीकधी उघड्या पडलेल्या मुळांवरही ते दिसतं, पण ओढ याच जागेची.

आता ढोल्या कुठून आल्या, हे बघा. झाड माणसाच्या उंचीच्या वर छाटायचं, म्हणजे नवे कोंब गुरांच्या आणि हरणांच्या तोंडी लागत नाहीत. दहा-पंधरा वर्षांनी फांद्या मनगटाएवढ्या, दंडाएवढ्या झाल्या की पुन्हा तोडायच्या, सरपणाला न्यायच्या. खाली गवत, गवतावर गावाची गुरं. शतकानुशतकं हे चाललं. दर तोडणीला झाडाला जखमा होत, जखमांच्या गाठी होत, गाठींच्या ढोल्या. शिवाय तोडलेलं झाड न तोडलेल्या झाडापेक्षा जास्त जगतं, कारण त्याला स्वतःच्या माथ्याचा भार पेलावा लागत नाही आणि वादळात ते सहज मोडत नाही. म्हणून एपिंग आणि बर्नहॅममध्ये तीन-चारशे वर्षांचे बीच उभे आहेत. हे शेवाळ गरीब माणसांच्या कुऱ्हाडीमागून जगत आलं आहे.

आणि ती कुऱ्हाड थांबली. कशी थांबली, ती हकीकत मला अस्वस्थ करते, कारण तिच्यात खलनायक सापडत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला एपिंगच्या आसपासचे जमीनदार जंगलाला कुंपणं घालू लागले होते. लॉटनच्या लोकांना हिवाळ्यात फांद्या तोडायचा जुना हक्क होता. नोव्हेंबरात मध्यरात्री पहिली फांदी तोडून ते तो दरवर्षी बजावत. कुंपण पडल्यावरही थॉमस विलिंगेल नावाचा म्हातारा मजूर आणि त्याच्या घरचे कुऱ्हाडी घेऊन आत शिरले. १८६६ मध्ये त्याच्या घरचे तुरुंगात गेले. प्रकरण गाजलं, लंडनमधले सुशिक्षित लोक मदतीला आले, लंडनच्या जुन्या मध्यभागाचा कारभार पाहणाऱ्या सिटी ऑफ लंडन कॉर्पोरेशनने न्यायालयात दावा लावला आणि १८७४ मध्ये जिंकला. १८७८ मध्ये एपिंग जंगलाचा कायदा झाला, कुंपणं गेली, जंगल कायमचं जनतेचं झालं. १८८२ मध्ये व्हिक्टोरिया राणी स्वतः येऊन तसं जाहीर करून गेली. सुमारे २,४०० हेक्टर जंगल लंडनच्या उंबरठ्यावर आज शाबूत आहे ते यामुळे. मी त्यात फिरते तीही या लोकांच्या पुण्याईवर.

पण त्याच व्यवहारात फांद्या तोडायचा हक्क संपवण्यात आला. गावाला भरपाई म्हणून पैसे मिळाले, त्यातून लॉटनमध्ये एक सभागृह बांधलं गेलं. ते आजही तिथे आहे आणि त्याचं नाव लॉपिंग हॉल, म्हणजे फांद्यातोडीचं सभागृह. कायद्यात लिहिलं गेलं की जंगलाचं 'नैसर्गिक रूप' जपावं. ज्या जंगलाचं प्रत्येक झाड माणसाच्या हाताखालून गेलं होतं, त्याच्या नैसर्गिक रूपाचा अर्थ तेव्हाच्या सुशिक्षित डोळ्यांनी 'हात लावू नका' असा घेतला. ज्यांच्या लढ्यामुळे जंगल वाचलं, त्यांचंच जंगलातलं काम बंद झालं.

मग झाडं वाढू लागली. वर जो विस्तार दहा-पंधरा वर्षांत कापला जायचा, तो शंभर, सव्वाशे वर्षं वाढत राहिला. माथे एकमेकांना भिडले, खाली अंधार झाला. मोकळ्या जागांत रोपं दाटली. होली या काटेरी सदाहरित झुडपाने खोडांना वेढलं. बीचची सावली मुळातच इतकी गडद की तिच्याखाली गवतही धड वाढत नाही. शेवाळाला ओल लागते तसा उजेडही लागतो. आमच्याकडे वडाच्या पारावर पडतो तसा, गाळीव. तो गेला. आणि ज्या गाठीने दंडाएवढ्या फांद्या पेलायच्या, तिच्यावर आता टनावारी लाकूड उभं. पोकळ खोड एखाद्या वादळी रात्री उभं चिरतं आणि ढोली, पाणी, रेघ, शेवाळ सगळं एकदम जमिनीवर येतं. १९७६ च्या दुष्काळात आणि १९८७ च्या ऑक्टोबरमधल्या मोठ्या वादळात दक्षिण इंग्लंडने असे असंख्य जुने वृक्ष गमावले.

याहून मोठं नुकसान दिसत नाही, कारण ते न जन्मलेल्या झाडांचं आहे. तोडणी बंद झाल्यावर नव्या झाडांना लहानपणी छाटून या चाकोरीत आणणंही बंद झालं. एपिंगमध्ये पन्नास हजारांहून जास्त जुनी छाटलेली झाडं आहेत, हा आकडा सगळे अभिमानाने सांगतात. त्यांचे वारस कुठे आहेत? आजोबा-पणजोबा आहेत आणि नातवंडं आहेत, मधली पिढी नाही. आजचे म्हातारे बीच गेले की ढोलीचं शेवाळ कुठे जाणार? त्याचे बीजाणू वाऱ्यावर जातील, पण उतरायला जखमी, ओलं, जुनं खोड हवं, आणि तेही जवळ.

हवेचं सांगते. लंडनच्या कोळशाच्या धुराने झाडांच्या साली आम्ल झाल्या आणि शहराभोवतीच्या खोडांवरची शेवाळं आणि दगडफुलाची भावंडं दीडशे वर्षांत झपाट्याने कमी झाली. एपिंग युरोपीय दर्जाचं संरक्षित क्षेत्र ठरलं तेव्हा त्याच्या अधिकृत वर्णनातच लिहिलं गेलं की झाडांवर वाढणाऱ्या वनस्पती इथे घटल्या आहेत, मुख्यतः हवेच्या प्रदूषणाने, आणि तरीही झायगोडॉनसारख्या दुर्मीळ जातींसाठी हे जंगल महत्त्वाचं आहे. १९५६ चा स्वच्छ हवेचा कायदा आला, पुढे गंधकाचं प्रमाण उतरलं, आणि कित्येक शेवाळं शहरातल्या झाडांवर परतलीसुद्धा. ही खरोखर आनंदाची गोष्ट आहे. माणसाने ठरवलं तर हवा धुता येते. पण गंधक गेलं तिथे नायट्रोजन आलं, गाड्यांच्या धुराड्यांतून आणि शेतांवरच्या अमोनियातून. एपिंगला मधोमध रस्ते चिरतात. उत्तरेच्या टोकाला एम-२५ महामार्ग बेल कॉमनच्या खाली बोगद्यातून जातो. नायट्रोजन म्हणजे खत. ते पडलं की हावरी, भरभर वाढणारी शेवाळं आणि हिरवा शैवालाचा लेप सालीवर पसरतो आणि सावकाश जगणाऱ्याला जागा उरत नाही. त्या भागातल्या नव्या घरबांधणीचा आराखडा जंगलावरच्या या परिणामांवरून काही वर्षं रखडला आणि २०२३ मध्ये मंजूर झाला. घरं हवीत हे मला मान्य आहे, मी स्वतः या शहरात घरासाठी वणवण केलेली आहे. पण जंगलाच्या पोटातून गाड्यांची संख्या वाढवून ती हवी असतील तर त्याची किंमत कोण देतं ते आधी मोजून सांगायला हवं.

तरी मी म्हणेन, हवेपेक्षाही मोठा धोका आपल्या डोक्यातल्या समजुतींत आहे. निसर्गाचं रक्षण म्हणजे त्याला एकटं सोडणं, ही त्यातली पहिली. जंगलाधिकाऱ्यांनी गर्दी विरळ करायला, जुन्या बीचचे माथे हलके करायला करवत उचलली की लोक हळहळतात, रागावतात. झाडावर करवत पाहून कळवळणं हे चांगल्या मनाचं लक्षण आहे. पण त्या कळवळ्याने बाबांच्यासारखं झाडाला एक फेरी मारून बघायला हवं.

याला एक गंभीर आक्षेप आहे आणि तो मी टाळणार नाही. हे शेवाळ माणसाच्या कुऱ्हाडीच्या आधीपासून पृथ्वीवर आहे, मग कुऱ्हाडीशिवाय त्याला जगता येत नाही हे कसं? उत्तर असं की तेव्हा त्याला ज्या गोष्टी लाभत होत्या त्या आता नाहीत. अखंड पसरलेली रानं, त्यात वय पूर्ण करून जागच्या जागी कुजणारी झाडं, वादळांनी पाडलेली भगदाडं, ती मोकळी ठेवणारे मोठे चरणारे प्राणी. एक झाड पडलं तर शेजारी तसंच दुसरं तयार असायचं. आज युरोपच्या या कोपऱ्यात उरले आहेत ते तुकडे, रस्ते आणि शेतांनी वेढलेले. तुकड्याला एकटं सोडलं की तो मूळ रान होत नाही, तो दाट काळोखाचा तुकडा होतो. रान करत असे ते काम तिथे काही शतकं माणसाने केलं. ते त्याने स्वतःच्या चुलीसाठी केलं, शेवाळासाठी नाही, हे खरं. तरी ते काम झालं, आणि अंगावर घेतलेलं काम मध्येच सोडता येत नाही.

मात्र कुऱ्हाड पुन्हा उचलायची म्हणजे सोपं नाही. शंभर वर्षं न तोडलेल्या बीचचा माथा एकदम उतरवला तर झाड मरतं. बीच हा धक्का सोसत नाही. म्हणून आता थोड्याथोड्या फांद्या, वर्षानुवर्षांच्या अंतराने, झाडाची नाडी बघत काढाव्या लागतात. भोवतीची झाडी एका दिवसात साफ केली तर तीच ऊन-वाऱ्याची झळ शेवाळाला वाळवून टाकते. उत्तर अमेरिकेतून आणलेल्या करड्या खारी कोवळ्या बीचची साल सोलतात, तेव्हा नवी झाडं वाढवणंही सोपं नाही. हे काम ठेकेदाराला मोसमाला बोलावून उरकण्यासारखं नाही. त्याला एकेक झाड ओळखणारी, पगारावर टिकणारी माणसं लागतात, एकाकडून दुसऱ्याकडे जाणारं हातचं ज्ञान लागतं. एपिंग आणि बर्नहॅम दोन्ही सिटी ऑफ लंडन कॉर्पोरेशनच्या ताब्यात आहेत आणि तिथे हे काम गेल्या काही दशकांत सुरू झालं आहे, याबद्दल मला त्यांचं मनापासून कौतुक वाटतं. माझी मागणी एवढीच की अशा कामाला दरवर्षीच्या अंदाजपत्रकाच्या कात्रीत धरू नये. चारशे वर्षांच्या झाडाची देखभाल तीन वर्षांच्या निधीवर होत नाही. खर्च कमी करायची वेळ येते तेव्हा सगळ्यांत आधी असलीच माणसं कमी होतात, कारण ती नसल्याचं पुढची वीस वर्षं कोणाला कळत नाही.

दुसरी समजूत नीटनेटकेपणाची. ढोली म्हणजे रोग, कुजलेली फांदी म्हणजे धोका. झाडांच्या ढोल्या सिमेंटने बुजवण्याची पद्धत एके काळी शास्त्रशुद्ध समजली जात होती. पायवाटेशेजारचं पोकळ झाड कोणाच्या अंगावर पडेल या भीतीने अजूनही पाडलं जातं. माणसाच्या जिवाची काळजी घ्यायलाच हवी. पण पायवाट चार हात बाजूला वळवता येते, झाडाला तसं वळता येत नाही.

आणि तिसरी समजूत मला आपल्याकडची म्हणून जास्त टोचते. झाडांची मोजदाद. महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांपेक्षा जुन्या झाडाला वारसा वृक्ष म्हटलं. झाडाच्या वयाला कायद्याने पहिल्यांदा किंमत दिली, हे पाऊल चांगलंच होतं. पण तोडलंच तर भरपाई काय? झाडाचं वय जितकी वर्षं, तितकी नवी रोपं. साठ वर्षांचं झाड तोडा, साठ रोपं लावा, सात वर्षं सांभाळा. हिशेब ऐकायला न्यायाचा वाटतो. पण एका आजीच्या बदल्यात साठ तान्ही मुलं आणून ठेवली तर घरात आजी आली असं होत नाही. साठ रोपांवर मिळून एकही ढोली नसते. पिंगळ्याला, पोपटाला, धनेशाला त्यातलं एकही रोप पुढची कित्येक दशकं घर देऊ शकत नाही. मुंबई-गोवा महामार्ग रुंद झाला तेव्हा आमच्या बाजूचे जुने आंबे, वड, पिंपळ गेले. त्यांच्या खोडांवर पावसाळ्यात किती जातींची शेवाळं होती, त्यांतली किती फक्त जुन्या सालीवरच येणारी होती, याची नोंद घ्यायला कोणी झाडाजवळ गेलं नाही. इंग्लंडमध्ये दोनशे वर्षं हौशी माणसं भिंग घेऊन फिरली म्हणून आज एका शेवाळाला कायद्यात नाव आहे. आपल्याकडे सह्याद्रीच्या खोडांवर जे आहे त्यातलं बरंचसं 'शेवाळ' या एकाच शब्दात गोळा होऊन जातं.

इतिहासाचा एक योगायोगही इथे सांगायला हवा. लॉटनमध्ये फांद्या तोडायचा हक्क पैसे देऊन संपवला जात होता, त्याच सुमारास, त्याच राणीच्या राज्यात, ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतले शेतकरी आणि आदिवासी राबासाठी फांद्या तोडायचा हक्क मागत होते. तक्रारी इतक्या वाढल्या की सरकारला १८८५ मध्ये मुंबई वन आयोग नेमावा लागला. तिथला जंगल अधिकारी आणि इथला जमीनदार दोघांच्याही नजरेत फांदी तोडणारा माणूस म्हणजे जंगलाचा शत्रू. राबाचं मी सरसकट समर्थन करत नाही. दरसाल एकाच झाडाला ओरबाडलं तर ते खुरटतं, डोंगर बोडके होतात, हे बाबाही सांगतात. तोडायचं किती, ठेवायचं किती, कोणत्या झाडाला यंदा विसावा द्यायचा, याला एक शिस्त असे. शिस्त मोडली तर दोष शिस्त मोडण्याचा. तोडणाऱ्यांना हाकलल्यावर मात्र ती शिस्त जाणणारं कोणीच उरत नाही. एपिंगने हे अनुभवलं आहे. तिथे आज फांदी कशी तोडावी हे प्रयोग करून, झाडं गमावून, नव्याने शिकावं लागलं.

कोणी विचारेल, आणि मला विचारलंही आहे, की एवढा खटाटोप एका भिंगाशिवाय न दिसणाऱ्या गोष्टीसाठी? जगात माणसं उपाशी आहेत, वाघ धोक्यात आहेत. मी उत्तर देताना सवयीने म्हणत असे की या शेवाळामागून बुरशी येतात, कुजक्या लाकडातले भुंगे येतात, एपिंगमधला शिंगांसारख्या जबड्यांचा मोठा भुंगेरा येतो, तेव्हा शेवाळ हे निमित्त. ते खरंही आहे. पण आता मला ते उत्तर पुरत नाही. त्या ढोलीपाशी मी नाक टेकवून उभी होते तेव्हा ते शेवाळ मला निमित्त वाटलं नाही. ते स्वतःच्या हक्काने तिथे होतं, कोणाच्या कामी येण्याची अट न घालता. शिवाय त्याला पैसाही फार लागत नाही. लागतो तो वेळ. दीडशे वर्षांपूर्वी छाटायला हवं होतं ते झाड आज छाटलं तरी दीडशे वर्षांनी कामी येईल. कोणत्याही निवडणुकीत, कोणत्याही प्रकल्प अहवालात न बसणारा हा काळ. त्या काळासाठी काम करणारी संस्था समाजाने मुद्दाम उभी करावी लागते आणि तिला टिकवावं लागतं. हा सार्वजनिक पैशाचा उपयोग मला रस्त्याइतकाच रास्त वाटतो.

गेल्या हिवाळ्यात मी बर्नहॅम बीचेसला गेले होते. जुन्या, पोकळ बीचच्या शेजारी काही कोवळे बीच पाहिले, मांडीएवढ्या खोडाचे, पुरुषभर उंचीवर छाटलेले. कापलेली तोंडं अजून ताजी, फिकट. प्रत्येक तोंडाखालून पाच-सहा कोंब फुटलेले. खोडावर शेवाळाचा मागमूस नव्हता, असणारही नव्हता. मी फोटो काढून बाबांना पाठवला. रात्री त्यांचा फोन आला. ते आता थकलेत, झाडावर चढून किती वर्षं झाली. म्हणाले, "हात चांगला चाललाय त्या माणसाचा. काप तिरका घेतलाय, पाणी साचून लगेच कुजायचं नाही. पण पहिल्याच तोडीला एवढं उतरवायला नको होतं. दोन फांद्या राखायला हव्या होत्या, झाडाला श्वास घ्यायला."

मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, "तुझी ती ढोली धरायला किती वर्षं लागतील याला?"

मी म्हटलं, "शंभर तरी."

"मग राखा म्हणावं," ते म्हणाले.